सूनबाईच्या प्रुफांना माझा हातभार

४ फेब्रुवारी
आज आलेलं: तांदूळ पाच किलो, ११०. धुण्याचा साबण सहा वड्या, २४. ह्यांच्या चपलेला टाच, १५. सूनबाईच्या नावचं पार्सल, तिकिटं कमी लावलेली म्हणून दंडासकट १८, आमच्याच खिशातून.
पार्सलात निघाले कागद. दोनशे चाळीस पानं, एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी करकरीत. एवढा कोरा कागद फुकट जाताना पाहून जीव हळहळला. या हिशेबाच्या वहीचीसुद्धा मागची पानं दरवर्षी कोरीच रद्दीत जातात. म्हणून ठरवलं, यंदा मागून दोन-दोन ओळी लिहायच्या. कुणाला दाखवायला नाही. पान वाया जाऊ नये म्हणून.

५ फेब्रुवारी
आधी हकिकत लिहिली पाहिजे, नाही तर पुढच्या वर्षी मलाच काही कळायचं नाही.
सूनबाई सकाळी आठ ते एक शिशुवर्ग शिकवते. दुपारी घरी बसून एका प्रकाशकाची प्रुफं तपासते. प्रूफ म्हणजे पुस्तकाचा कच्चा छाप. त्यातल्या चुका लाल पेनाने दाखवायच्या. प्रकाशक दूरच्या शहरात. आजवर फुटकळ काम द्यायचे. आता त्यांनी कळवलंय की तीन नव्या कादंबऱ्या पाठवतो, एक खुनाची, एक प्रेमाची, एक भुताची. तिन्ही बिनचूक झाल्या तर घरबसल्या परमनंट. नाही तर त्यांच्या ऑफिसात येऊन, त्यांच्या डोळ्यांसमोर बसून काम शिकावं लागेल.
चिरंजीव नकाशे काढतात. त्यांचं म्हणणं, पट्टी-पेन्सिल कुठेही चालते, जावं लागलं तर दोघंही जाऊ.
मी एक शब्द बोलले नाही. फक्त म्हणाले की घर मोठं आहे, ह्यांचं ब्लड प्रेशर आहे, माझा गुडघा आहे, आणि आम्ही काय, आज आहोत उद्या नाही. एवढंच.
संकल्प: या तीन पुस्तकांत सूनबाईला लागेल ती मदत करायची. घर एकत्र राहिलं पाहिजे. सकाळच्या प्रार्थनेत देवाला तसं सांगून ठेवलं.

८ फेब्रुवारी
चहाच्या वेळी ह्यांनी सूनबाईला विचारलं, लेखकाने मूर्खपणा लिहिला असेल तर तू काय करतेस. ती म्हणाली, काही नाही बाबा, मी फक्त शुद्धलेखन बघायचं. मूर्खपणा लेखकाचा, तो त्याचा त्याला लखलाभ.
मग आणखी एक सांगितलं. प्रेसमधली माणसं मजकूर वाचत नाहीत. त्यांना वेळ नसतो. पानाच्या कोपऱ्यात हिची सही असली की लाल दिसेल तेवढं मुकाट्याने करतात.
मला हे आवडलं नाही. एवढी सत्ता हातात असताना नुसत्या वेलांट्या बघायच्या?

९ फेब्रुवारी
मी काही कादंबऱ्या वाचणारी बाई नाही. लग्नाआधी एक वाचली होती, तीही तापात.
पण सुनेच्या कामात काय आहे याची कल्पना घरच्या मोठ्या माणसाला असावी. नियम केले. कादंबरी वाचायची नाही, नुसती नजर टाकायची. दिवसाला दहा पानं. जपाच्या वेळेत नाही.

१० फेब्रुवारी
खुनाची. पाने १ ते ८४.
(भात लागला. वरचा काढून वाढला. कुणाच्या लक्षात आलं नाही. हे म्हणाले, आज काहीतरी वेगळा वास आहे, छान आहे.)

१२ फेब्रुवारी
लाकडाच्या वखारीचा एक म्हातारा मालक जेवता जेवता सूप आणि फळं यांच्यामध्ये मरतो. टेबलाशी सात माणसं. एक तपासनीस येतो आणि सिगारेटी ओढतो. मी मोजल्या, अडतीसाव्या पानापर्यंत एकवीस. तपासापेक्षा धूरच जास्त.
हा मनुष्य सगळ्यांना विचारतो, तुम्ही रात्री नऊ वाजता कुठे होता. मी असते तर आधी विचारलं असतं, भांडी कुणी घासली. विष ज्या वाडग्यात होतं तो वाडगा कुणीतरी घासलाच ना? दोनशे पानं वाचली असती.
माझा संशय कारकुनावर. तोंडावरून कळतं.

१३ फेब्रुवारी
कारकून नाही. दुसरी बायको.

१५ फेब्रुवारी
दुसरी बायको नाही. डॉक्टर असणार. माझा अंदाज चुकला असं नाही, लेखकच सारखा बदलतोय.
आज जपाच्या वेळी एकशे आठच्या ऐवजी चौऱ्याण्णवाव्या मण्यावर थांबले, कारण चौऱ्याण्णवाव्या पानावर खूण ठेवली होती ते आठवलं. उरलेले मणी उद्या जास्तीचे.

१९ फेब्रुवारी
सूनबाईने काम संपवलं. सगळ्या पानांवर सह्या करून, पार्सल बांधून माझ्याकडे दिलं. तिची शाळा सकाळची आणि टपाल खिडकी बाराला बंद, म्हणून पार्सल नेहमी मीच टाकते. तिचा माझ्यावर भरवसा आहे. असायलाच हवा.
ती आठला पाच कमी असताना गेली. पानांचे कोपरे दुमडले तर नाहीत, एवढंच पाहायला मी दोरी सोडली. तेव्हा शेवटचं प्रकरण समोर आलं.
खून बहिणीने केला.
बहीण! जिने भावाचं घर तीस वर्षं सांभाळलं. जी पहाटे उठून प्रार्थना करते. पै-पैचा हिशेब ठेवते. साध्या कपड्यांत असते आणि उरलेल्या अन्नाचं काहीतरी करून दाखवते. अशी बाई खुनी? आणि कारण काय, तर तीस वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही की जेवण चांगलं झालंय.
कारण मला पटलं. पण खून पटला नाही.
उद्या हे पुस्तक घराघरांत जाणार. ते वाचून लोक आपापल्या घरातल्या अशा बायकांकडे कोणत्या नजरेने बघतील? आणि खाली सही कुणाची, तर माझ्या सुनेची. प्रकाशकाला हे पसंत पडणारच नाही. मुलीची नोकरी जायची.
लाल पेन टेबलावरच होतं. बहिणीच्या जागी वकील केला. सतरा ठिकाणी. वकील सबंध पुस्तकात दोनदाच येतो, त्यामुळे कुणाला संशय यायचा नाही आणि रहस्य उलट जास्त चांगलं राहील. मॅट्रिकला शुद्धलेखनात मी वर्गात दुसरी होते. अक्षर सूनबाईच्या वळणाचं काढलं. चार-पाच पानं राहिली, पण घड्याळात पावणेबारा झाले. ती तशी किरकोळच असतील.
टपाल खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, आज धापा टाकत आलात. मी म्हणाले, जबाबदारीचं काम आहे.

२० फेब्रुवारी
प्रार्थनेत कालचं सगळं सांगितलं. देवाने हरकत घेतली नाही.

२६ फेब्रुवारी
प्रेमाची आली. या खेपेला तिकिटं पुरेशी.
सूनबाई वैतागून म्हणाली, हे जरा गुळचट आहे. मला वाटलं, म्हणजे आपल्याला अधिक बारकाईने लक्ष घालावं लागणार.

१ मार्च
एक नर्स आहे. तिला विमा कंपनीतला एक ऑफिसर मागणी घालतो. स्वतःचं घर, दातांची निगा राखणारा, आईला दर रविवारी भेटणारा. आणि ही पडते कुणाच्या प्रेमात? हॉटेलात ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या. तोही आठवड्यातून दोनदाच वाजवतो. उरलेले पाच दिवस समुद्राकडे बघतो. भाड्याची खोली, चहाचा एकच कप. त्या कपाचं लेखकाला केवढं कौतुक. दोघं एकाच कपातून पितात. दुसरा कप घ्यायला कितीसे पैसे लागतात?
शिवाय शंभर पानं झाली, कुणी एकदाही केर काढलेला नाही.

३ मार्च
दोघं लिफ्टमध्ये अडकले आहेत. पान १११. सूनबाई शाळेतून लवकर आली, त्यामुळे वाचता आलं नाही. म्हणजे, पाहता आलं नाही.
दुपारभर डोकं दुखत होतं.

४ मार्च
पान ११२. लिहीत नाही.

५ मार्च
पान ११२ पुन्हा पाहिलं. तपासायचं काम म्हणजे एकदा पाहून भागत नाही.

६ मार्च
संध्याकाळी ह्यांना विचारलं, तुम्ही कधी माझ्यासाठी स्टेशनवर धावत आला होतात का. हे म्हणाले, मी कायम चाळीस मिनिटं आधी पोचतो, धावायची वेळच येत नाही. मग म्हणाले, का, कुठे जायचंय का तुला?
ट्रंपेटवाला गाडी सुटताना धावत येतो. उशिरा येतो म्हणूनच धावतो, हे मलाही कळतं. तरी.

९ मार्च
पार्सल माझ्याकडे. या वेळी घाई नको म्हणून सूनबाई गेल्या गेल्या दोरी सोडली.
मूळ अडचण एका शब्दाची. तो शब्द नऊ वेळा येतो. पुस्तक तरुण मुलींच्या हातात जाणार, आणि खाली सही आपल्या घरच्या सुनेची, जी सकाळी लहान मुलांना शिकवते. शाळेत कुणी वाचलं तर? म्हणून जिथे जिथे तो तिचं चुंबन घेतो, तिथे तिथे 'विचारपूस' केली. शब्द सोज्वळ आहे, आणि भावनाही तीच, आपुलकीची.
ट्रंपेटवाल्यालाही नोकरी लावून दिली. पान ८८ वर समासात घातलं, 'तो नुकताच टपाल खात्यात कायम झाला होता.' आता कुठे जीव भांड्यात पडला. पुढची दीडशे पानं मला अधिक शांतपणे वाचता आली.
विमा ऑफिसरचं वाईट वाटतं. त्याच्यासाठी काही करता आलं नाही.

१० मार्च
विचार केला. लेखक लिहितो, सूनबाई वेलांट्या बघते, आणि पुस्तक खरं मार्गी लावतं कोण? या कामाचा मोबदला मी कधीच मागणार नाही. पण मागितला असता तर किती, याचा अंदाज पुढच्या बाजूला मांडून ठेवला आहे.

१५ मार्च
भुताची आली. मी कुणाला भीत नाही. दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात, स्तोत्र म्हणत म्हणत पाने १ ते १२.

१६ मार्च
कोठीच्या खोलीतली डाळ संपली आहे असं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, संपली नाही, कोठीत डबा भरलेला आहे. मी म्हणाले, मग आणा तुम्ही. हे म्हणाले, तू पाच पावलांवर उभी आहेस. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

१८ मार्च
बारा खोल्यांचं घर. सगळे दिवे आपोआप लागतात आणि पहाटेपर्यंत जळतात. बिल कोण भरतं याचा कुठे उल्लेख नाही.
नवीन भाडेकरू कुटुंबाला तीन वेळा इशारा मिळतो तरी राहतात. डिपॉझिट बुडेल म्हणून असेल. ते मी समजू शकते.

२१ मार्च
भूत बाईचं आहे, म्हातारीचं. केस मोकळे वगैरे काही नाही. संध्याकाळी सहा वाजता एकेका खोलीचं दार उघडते, आत डोकावते, आणि दार लावून पुढे जाते. बारा खोल्या झाल्या की जिन्यावर बसते. भाडेकरू किंचाळतात.
मला कळेना यात किंचाळण्यासारखं काय आहे.

२३ मार्च
आता उलगडा झाला. तिची मुलं एकेक करून घर सोडून गेलेली. कुणी भांडून नाही, कामासाठी, लग्नासाठी, सरळ सरळ. म्हातारी रोज संध्याकाळी खोल्या बघायची, तशीच मेली, आणि मेल्यावरही बघते. एवढंच भूत.
याला भुताची गोष्ट म्हणतात? लेखकाला समज नाही. मी कोठीत गेले आणि डाळ काढून आणली. हे बघत राहिले.

२४ मार्च
आज डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, दुपारभर पाणी येत होतं.

२८ मार्च
पार्सल माझ्याकडे. शेवटी एक मांत्रिक येऊन म्हातारीला घालवून देतो आणि भाडेकरू जेवायला बसतात. असा शेवट. सूनबाईने त्यात दोन वेलांट्या सुधारल्या आणि सही केली.
मी फार काही केलं नाही. मांत्रिकाच्या परिच्छेदावर एक लाल रेघ, आणि समासात एक ओळ: 'त्या संध्याकाळी सहा वाजता मुलं परत आली.'
टपाल खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, आज घाई नाही वाटतं. मी म्हणाले, तिन्ही पुस्तकं झाली. आता आमच्या सूनबाई परमनंट.

२ एप्रिल
निकालाची वाट पाहतो आहोत. मी अगदी निर्धास्त. चिरंजीवांना सांगितलं, तुमची ती ट्रंक माळ्यावरून उगाच काढलीत, परत चढवा. ते म्हणाले, बघू आई. मी म्हणाले, बघायचं काय त्यात.

२२ एप्रिल
काल संध्याकाळी आलेलं: खुनाच्या पुस्तकाची छापील प्रत एक, फुकट. प्रकाशकाचं पत्र एक.
पत्र सूनबाईने उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग घडी घालून पिशवीत ठेवलं आणि आज सकाळी शाळेत गेली. पिशवी दुसरी नेली. पत्र घरीच राहिलं आहे, म्हणून ते नीट ठेवावं या हेतूने मी उघडलं.
त्यात असं. दोन हजार प्रती बांधून दुकानांत गेल्या. पान २३१ वर वकील आपला अंबाडा सोडतात आणि त्यातून विषाची पुडी खाली पडते. पान २३३ वर वकील मेलेल्या गृहस्थांना 'दादा' म्हणून हंबरडा फोडतात, आणि सांगतात की तीस वर्षं मी याच्या मोज्यांना रफू केलं. प्रेमाच्या पुस्तकाचीही छपाई झाली आहे. त्यात नायक लिफ्टमधल्या अंधारात आधी नायिकेच्या कपाळाची विचारपूस करतो, मग गालाची, मग मानेची, आणि सकाळी तिच्या ओठांवर त्या विचारपुशीची ऊब उरलेली असते. लेखिका फोनवर रडल्या. भुताचं पुस्तक मशीनवर चढलं होतं, ते उतरवलं आहे.
अंबाडा त्या राहिलेल्या चार-पाच पानांत असणार. घाईचं काम हे असं असतं.

२२ एप्रिल, संध्याकाळ
भाजी निवडत होते. सूनबाई समोर येऊन बसली. छापील पुस्तक मांडीवर.
म्हणाली, "आई, वकिलाच्या डोक्यावर अंबाडा कुठून आला?"
मी म्हणाले, हल्ली पुरुषही केस वाढवतात. ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसली. मला वाटलं, चला, निभावलं. मग पाहिलं तर हसत नव्हती.
पुस्तक मिटून म्हणाली, "मी त्यांना फोन करून सांगितलं, चूक माझीच."
मी विचारलं, असं का सांगितलंस.
"प्रत्येक पानावर सही माझी आहे. पार्सल कुणाच्या हातात दिलं, ते त्यांनी विचारलं नाही."
ती उठून गेली. मी भाजी निवडत राहिले. नंतर पाहिलं तर देठं भांड्यात होती आणि पानं कचऱ्यात.

२३ एप्रिल
शांतपणे विचार करता दोष प्रेसचा आहे. वकिलाला अंबाडा दिसल्यावर एखाद्याने तरी हात थांबवायला नको?

२५ एप्रिल
दोष लेखकाचाही आहे. विष ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती?

२८ एप्रिल
प्रकाशकाचं दुसरं पत्र. काढून टाकत नाहीत. पण घरचं काम बंद. एक जूनपासून ऑफिसात हजर व्हायचं, सहा महिने उमेदवारी, अर्ध्या पगारावर, दुसऱ्या मुद्रितशोधकाच्या शेजारी बसून. सूनबाईने होकार कळवला. शाळेत राजीनामा दिला.
चिरंजीवांनी त्या शहरात नोकरी बघितली, तीन दिवसांत मिळाली. पट्टी-पेन्सिल खरंच कुठेही चालते.
मी सांगून पाहिलं की घर मोठं आहे. चिरंजीव म्हणाले, हो आई, मोठं आहे.

३ मे
माझी खात्री आहे, शेवटच्या क्षणी बेत रद्द होईल. प्रार्थनेची वेळ दुप्पट केली आहे.
ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी मुलाला समजवा. हे पाणी खात्यात मीटर वाचायचे, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, मोजकं बोलतात. आज म्हणाले, "सोळा वर्षं तू माझ्या मीटरच्या वह्या मी झोपलो की नीट करायचीस. ज्यांचं पाणी जास्त झालं त्यांचे आकडे कमी, ज्यांचं कमी त्यांचे जास्त. मी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या आणि घरी बोललो नाही. बोलायला हवं होतं."
त्याचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

४ मे
आकडे सारखे झाले की वही छान दिसायची. एवढंच कारण.

१९ मे
सूनबाई सामान बांधते आहे. मी मदतीला गेले. ती म्हणाली, आई, राहू द्या, मी करते. आवाज चढवला नाही. आजवर या घरात ती मला कधी 'राहू द्या' म्हणाली नव्हती. दोरीचं टोक माझ्या हातात होतं, ते तिने काढून घेतलं.

२५ मे
तिच्या कपाटात जुनी प्रुफं होती. मला म्हणाली, मागची बाजू कोरी आहे, तुम्हाला हिशेबाला होतील. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

३० मे
गेले. गाडी वेळेवर. हे चाळीस मिनिटं आधी घेऊन गेले होते, त्यामुळे फलाटावर चौघं बसून होतो. सूनबाईने ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा पुन्हा एकदा सांगितल्या. मला म्हणाली, गुडघ्याला जपा.

६ जून
दूध निम्मं केलं. रद्दी नाही. नोंद करण्यासारखं काही नाही.

२१ जून
सकाळी देवापुढे बसले आणि नेहमीसारखी सगळी कारणं सांगायला सुरुवात केली. प्रेस, लेखक, घाई. अर्ध्यावर गप्प झाले. तिथे दुसरं कुणी नव्हतं, तरी मला स्वतःचं बोलणं ऐकू येत होतं.
मग हे पत्र लिहिलं. पाठवण्याआधी नक्कल इथे उतरवते.

'प्रकाशक महाशयांस सादर नमस्कार विनंती विशेष.
पत्रास कारण की, आपल्याकडे जूनपासून उमेदवारीवर बसलेल्या बाई माझ्या सूनबाई होत. त्यांनी तीन पुस्तकांतल्या चुका आपल्या म्हणून पत्करल्या आहेत. त्या त्यांच्या नाहीत. त्या माझ्या आहेत. सूनबाईने सह्या करून पार्सल बांधल्यावर मी ते सोडत असे. वकील मी केला. विचारपूस मी केली. ट्रंपेटवाल्यास टपाल खात्यात मीच लावले. कारणे होती, परंतु ती लिहीत नाही, कारण लिहायला घेतली तर मला पुन्हा ती खरी वाटू लागतील.
दुसऱ्या आवृत्तीत बहिणीलाच खुनी ठेवावे, माझी हरकत नाही. प्रेमाच्या पुस्तकात मूळचा जो शब्द होता तो घालावा. त्या लेखिकाबाईंना सांगावे की पुस्तक मी तीनदा वाचले, आणि पान ११२ चारदा. भुताच्या पुस्तकात मी घातलेल्या ओळीचे आपण योग्य वाटेल ते करावे.
नुकसान किती झाले ते कळवल्यास हप्त्याने देईन. माझी विनंती इतकीच की सूनबाईची उमेदवारी आजच रद्द करून त्यांना घरबसल्या काम द्यावे. पार्सल आमचे हे टपालात टाकतील. मी हात लावणार नाही, तसे लिहून देते.
हे जमण्यासारखे नसल्यास त्यांना निदान पूर्ण पगार द्यावा, आणि चूक कुणाची होती ते ऑफिसात चारचौघांत सांगावे. माझे नाव घ्यावे.
तेही जमण्यासारखे नसल्यास एक करावे. तीन आठवड्यांत त्यांचे एकच पत्र आले. त्यात 'सर्व ठीक' एवढेच आहे. त्यांना कामाच्या नादात जेवणाची आठवण राहत नाही, मग संध्याकाळी डोके दुखते आणि त्या कुणाला सांगत नाहीत. दुपारी डबा उघडतात की तसाच परत नेतात, हे आपल्या ऑफिसातल्या कुणाला तरी, त्यांच्या नकळत, पाहायला सांगावे. मी विचारले होते हे त्यांना कळू देऊ नये.
सोबत पत्ता घालून, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडले आहे. उलट टपाली कळवावे.'